आधी स्वतःची नाडी बघ

अगं, इतकी घाबरीघुबरी होऊ नकोस. बस जरा, पाणी पी, मग सांग काय झालंय ते. की मीच सांगू? ॲनाटॉमीत सगळा दिवस जातो, बायोकेमिस्ट्री रात्र खाते, आणि फिजिऑलॉजी आपली ‘वाचलं की कळतंय, करू नंतर’ म्हणून मागं पडत जाते. मग पहिली टेस्ट येते. आदल्या रात्री वाचताना सगळं पटलेलं असतं आणि पेपरात दोन ओळींच्या पुढं पेन सरकत नाही. बरोबर ना?

खरं सांगू का, तुझी बुद्धी कमी पडलेली नाही. तुझी सवय कमी पडलीय. नीटमध्ये चार पर्याय समोर मांडलेले असायचे, त्यातला बरोबर कुठला ते ओळखायचं असायचं. इथं कोरा कागद असतो आणि पहिला शब्द तुलाच काढायचा असतो. शिवाय फिजिऑलॉजीचं पुस्तक वाचायला गोड असतं. एक वाक्य दुसऱ्याकडं घेऊन जातं, मान डोलावत पानं उलटली जातात आणि वाटतं, आलं की आपल्याला! वाचताना पटणं वेगळं आणि पुस्तक मिटून सांगता येणं वेगळं. या विषयात बायका-पोरींचे, पोरांचे, सगळ्यांचे मार्क जातात ते याच फटीतून.

म्हणून माझं पहिलं सांगणं ऐक. आज रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं स्वस्थ पडून राहा आणि मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोज. अर्धं मिनिट नको, पूर्ण एक मिनिट. मग झटकन उभी राहा आणि लगेच परत मोज. वाढलेली असेल. आता वही घे आणि का वाढली ते लिही. उभं राहिल्यावर अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांतल्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडं परत येणारं रक्त कमी होतं, म्हणून एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं, म्हणून रक्तदाब क्षणभर घसरतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसमध्ये आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारे बॅरोरिसेप्टर बसलेत. ताण कमी झाला की त्यांचे संदेश कमी होतात. ते कमी झाले की मेंदूच्या तळाशी, मेड्युलात, सिंपथेटिकवरचा लगाम सुटतो. हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब पुन्हा जागेवर येतो. हे सगळं तू पलंगावरून उठून वही उघडेपर्यंत होऊन गेलेलं असतं बघ.

परीक्षेत ‘बॅरोरिसेप्टर रिफ्लेक्स लिहा’ म्हणून जो प्रश्न येतो, तो हाच. प्रत्येक ‘म्हणून’च्या पुढं काय, एवढंच विचारत जायचं. एक ‘म्हणून’ निसटला की साखळी तुटली असं समज, आणि तेवढ्यापुरतंच पुस्तक उघड. अख्खा धडा पुन्हा वाचत बसू नकोस.

तू सोलापुरात शिकतेयस ना, मग या विषयासाठी याहून चांगलं गाव नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. इथला उन्हाळा म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि आपण सगळे ‘काय ऊन आहे गं’ म्हणून मोकळे होतो. तू तसं मोकळं होऊ नकोस. थांब आणि विचार कर. शरीर ३७ अंशांचं, बाहेरची हवा ४३ ची. म्हणजे अंगातली उष्णता नुसती हवेत निघून जायचा रस्ताच बंद झाला, उलट बाहेरचीच आत यायला लागली. आता एकच वाट उरली, घामाची. एक ग्रॅम घाम अंगावर वाळताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे लिटरभर घाम वाळला तर ५८० किलोकॅलरी. पण तो वाळला तर! ठिबकून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही. मुंबईची मावशी ३४ अंशांतही ‘जीव घाबरा होतो’ म्हणते आणि आपल्याला चाळीस अंशांतही कपडे कोरडे वाटतात, ते याचमुळं. आपली हवा कोरडी आहे, घाम दिसायच्या आत उडून जातो. आणि म्हणूनच फसायला होतं. घाम दिसत नाही, तर पाणी गेलंय हे कळतच नाही.

पुढं चल. पाणी गेलं, रक्त जरा दाट झालं. ऑस्मोलॅरिटी एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी हायपोथॅलॅमसला तेवढं पुरतं. तहान लागते आणि एडीएच सुटतं. एडीएच मूत्रपिंडातल्या कलेक्टिंग डक्टमध्ये पाण्याची दारं उघडतं, त्यांना ॲक्वापोरिन-२ म्हणतात, आणि पाणी परत रक्तात ओढलं जातं. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. दुपारी हॉस्टेलवर आलीस की हे तुला दिसतंच. तो एडीएचचा धडा आहे, दुसरं काही नाही. मूत्रपिंडं दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि आपण दीड लिटरच बाहेर टाकतो. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. हा आकडा पहिल्यांदा वाचला की विश्वास बसत नाही. हिशेब करून बघ, मिनिटाला १२५ मिलिलिटर गुणिले १४४० मिनिटं.

आणि बाहेरगावाहून, समज महाबळेश्वरच्या बाजूनं आलेली तुझी रूममेट मार्चमध्ये कोमेजून जाते, पण पुढच्या काही आठवड्यांत सावरते, ते का? सवय झाली म्हणतो आपण. ती सवय म्हणजे अल्डोस्टेरॉन. सुरुवातीला कष्टाचं काम करणाऱ्याच्या घामातून दिवसाला १५ ते ३० ग्रॅम मीठ जाऊ शकतं. अंग उन्हाला सरावलं की घाम वाढतो, तासाला दोन-तीन लिटरपर्यंत येऊ शकतो, पण त्यातलं मीठ ३ ते ५ ग्रॅमवर येतं. घामग्रंथीची नळी मीठ परत शोषून घ्यायला शिकते. हेच हार्मोन मूत्रपिंडातही हेच काम करतं. बघ, एका उन्हाच्या निमित्तानं तापमान, रक्ताभिसरण, मूत्रपिंड आणि एंडोक्राइन असे चार धडे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. पुस्तकात ते शेकडो पानं लांब आहेत, तुझ्या अंगात एकाच दुपारी आहेत.

आता इथंच एक मोठ्या बहिणीचा दम देऊन ठेवते. कॉलेजात बाथरूम लांब आहे, स्वच्छ नाही, म्हणून सकाळपासून घोटभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली मला दर बॅचमध्ये भेटतात. असलं काही करू नकोस. लघवीचा संसर्ग होतो, डोकं दुखतं, लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही. एडीएच शिकतेयस ना? मग पाण्याची बाटली बरोबर ठेव. बाथरूमची तक्रार चारजणी मिळून लेखी करा, त्यात लाजायचं काय?

उन्हाचा विषय निघालाच आहे तर ओआरएसचंही सांगून टाकते, कारण तोंडी परीक्षेत लाडका प्रश्न आहे आणि मुलं फक्त घटक घोकतात. लिंबूसरबतात मीठ आणि साखर दोन्ही का लागतात? लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं, एसजीएलटी-१. ते सोडियम एकट्यानं आत घेत नाही आणि ग्लुकोजही एकट्यानं घेत नाही, जोडीनं घेतं. ती जोडी आत गेली की तिच्या मागून पाणी जातं. हगवणीत आतड्याचं बरंच काही बिघडतं, पण ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पेशीवरच्या एका प्रथिनाची समजूत एवढे जीव वाचवते. असं वाचलं की मग ‘सेकंडरी ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट’ लक्षात ठेवायला वेगळी मेहनत लागत नाही.

चल, प्रॅक्टिकलकडं येते. तुला तिथंच जास्त धास्ती वाटते, हे माहितीय मला.

पहिली गोष्ट, उपाशी जाऊ नकोस. हिमॅटॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला बोटाला टोचतात आणि दरवर्षी कुणीतरी भोवळ येऊन बसतं. त्यात घाबरटपणा काही नसतो गं. रक्त बघून किंवा टोचल्यावर व्हेगस मज्जातंतू एकदम जोर करतो, हृदय मंदावतं, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. आडवं झालं, पाय वर केले की मिनिटाभरात माणूस ठीक. मैत्रिणीला असं झालं तर तिला खुर्चीत ताठ बसवून तोंडावर पाणी मारत बसू नका, आधी झोपवा. टोचायची सुई दरवेळी नवी, दुसरीची कधीच नाही, आणि वापरून झाली की भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. घाईत ओट्यावर ठेवलेली सुई सफाई करणाऱ्या मावशींच्या हातात जाते. एवढं भान पहिल्या वर्षापासून हवं.

हिमोग्लोबिन मोजायची साहलीची पद्धत आता तुला कंटाळवाणी वाटेल. बाहेर लॅबमध्ये यंत्रात थेंब घातला की आकडा येतो, मग आपण या काचेच्या नळ्यांशी का झगडायचं? करून बघ म्हणजे कळेल. नळीत खालच्या खुणेपर्यंत डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं. पिपेटमध्ये २० घन मिलिमीटर रक्त ओढायचं, बाहेरून लागलेलं कापसानं पुसायचं, पण टोकाला कापूस लावायचा नाही, नाहीतर आतलं रक्त शोषलं जातं. मग ॲसिडमध्ये सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं कुणाला धरवत नाहीत बघ. ॲसिडमुळं हिमोग्लोबिनचं तपकिरी ॲसिड हिमॅटिन होतंय, त्याला तेवढा वेळ लागतोच. घाई केलीस तर आकडा कमी येणार. नंतर थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत, काचेच्या काडीनं ढवळत, खिडकीच्या उजेडात शेजारच्या तपकिरी काचांशी रंग जुळवायचा. काडी बाहेर काढून बघायचं, काडी आत असताना नाही. रंग जुळला की खालची गोलाई वाचायची.

आणि मग तुझा आकडा येईल. मुलींच्या बाकांवर एक शांतता पसरते तेव्हा. कुणाचा १०.५, कुणाचा ९.८, एखादीचा ८. बाईसाठी १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला. तो पाठ्यपुस्तकातला तक्ता नाही गं, तो तुझा बाक आहे.

या आकड्याजवळ थोडी थांबते, कारण मला हा विषय फार जवळचा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात जवळजवळ २० मिलिलिटर ऑक्सिजन. आठ असेल तर पावणेअकरा. पण अशा बाईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलास तर तो काय दाखवेल? ९८ टक्के! आणि ती जिना चढली की धापा टाकते. घरचे म्हणतात, मशीन तर नॉर्मल दाखवतंय, ही उगाच कुरकुरते. मशीन सांगतं ते फक्त एवढंच, की घागरी काठोकाठ भरल्यात. घागरीच निम्म्या आहेत, हे ते सांगत नाही. सॅच्युरेशन आणि कंटेंट यांतला फरक तोंडी परीक्षेत विचारतात तेव्हा ही बाई आठव. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत, सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात आणि थकवा वयाच्या नावावर घालतात. त्यातल्या किती जणींचं हिमोग्लोबिन कधी कुणी मोजलंय?

पाळीचंही इथंच बोलू. त्या धड्याला वर्गात खुसखुस सुरू झाली तर मान खाली घालू नकोस, डॉक्टर होतेयस तू. एका पाळीत सरासरी ४० मिलिलिटर रक्त जातं. एका मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे महिन्याला २० मिलिग्रॅम गेलं. ते जेवणातून परत यायला हवं, आणि आतडं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषतं. जेवणावर लगेच चहा घेतलास तर तेवढंही नीट होत नाही, कारण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ दे. भाकरीबरोबर लिंबू पिळून पालेभाजी खा, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. तुझा स्वतःचा आकडा कमी आला असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखव आणि गोळ्या सुरू कर. प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून पान उलटायचं नाही.

बीपीचं प्रॅक्टिकल सोपं वाटतं आणि नेमकं तिथंच परीक्षक पकडतात. आधी पाच मिनिटं माणसाला बसवायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही. आधी नाडीवर बोट ठेवून मोजायचं, मग स्टेथोस्कोप. नाडी जिथं नाहीशी होते त्याच्या वर ३० मिलिमीटर हवा भरायची आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर एवढ्या बेतानं सोडायची. पहिली टकटक ऐकू आली तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबला तो खालचा. हे आवाज रशियन सर्जन कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितले आणि आजही गावच्या उपकेंद्रापासून मोठ्या आयसीयूपर्यंत त्यांच्यावर काम चालतं. ‘स्टेथोस्कोप आहे तर आधी नाडीनं का मोजायचं?’ असं विचारतील. काही रुग्णांत आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा येतात, त्याला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. नुसत्या कानावर राहिलीस तर वरचा आकडा चुकेल, एवढं उत्तर दे.

पेशी मोजायच्या न्यूबॉर चेंबरचं जास्त सांगत नाही. हात बसेपर्यंत करत राहायचं, दुसरा उपाय नाही.

आता भाषेचं बोलू, कारण तू ते बोलत नाहीस आणि मनात तेच आहे. तू मराठी माध्यमातली. शेजारची पुण्याची मुलगी लेक्चरला पटापट उत्तरं देते आणि तुला माहिती असून तोंड उघडत नाही. बघ, पेपर इंग्रजीत लिहायचा आहे हे खरं, त्यातून सुटका नाही. पण विचार कुठल्या भाषेत करायचा याला कुणाची बंदी आहे? साखळी आधी मराठीत पक्की कर. रूममेटला सांग, फोनवर आईला सांग. ‘आई, तू उठताना तुला चक्कर का येते माहितीय का?’ असं विचार आणि समजावून दे. तिला कळलं तर तुला कळलंय. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिही. कर्ता, क्रियापद, संपलं. परीक्षकाला साहित्य नको असतं, क्रम हवा असतो. रोज एक उत्तर, एक पान. दिवाळीपर्यंत हात मोकळा होतो.

आणि आपल्या गावचाच माणूस आठव. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले. तेव्हा इथं मेडिकल कॉलेज नव्हतं, ते मुंबईला सेठ जी. एस. मेडिकलमध्ये शिकले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथं चिनी भाषा शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्याच भाषेत वैद्यक शिकवलं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये गेले तेव्हा जेमतेम ३२ वर्षांचे होते. सोलापूरच्या पोराला चिनीतून शिकवता आलं, तर तुला इंग्रजीतून पेपर लिहिता येईलच की. शिवाय तुझ्याकडं असलेली भाषा पुढं किती कामी येते ते वॉर्डात जाशील तेव्हा बघ. सिव्हिलला अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी आजी येते, पूर्व भागातली तेलुगू बोलणारी ताई येते, मंगळवेढ्याचा शेतकरी येतो. तुझ्या शेजारी कन्नड-तेलुगू येणाऱ्या मैत्रिणी असतील, त्यांच्याकडून चार वाक्यं आत्ताच शिकून घे. ‘कुठं दुखतंय’ एवढं जरी त्यांच्या भाषेत विचारलंस तरी माणूस मोकळा बोलतो.

पुस्तकांबद्दल सगळ्या विचारतात, तर माझं मत स्पष्ट सांगते. गायटन उशाशी ठेवून घाबरू नकोस आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्टही धरू नकोस. परीक्षेचं उत्तर बांधायला सेंबुलिंगम किंवा ए. के. जैन घे, दोन्हीपैकी एक. हृदय, मूत्रपिंड आणि रक्तदाब मात्र गायटनमधूनच वाच, कारण ‘का’ त्याच्याइतकं कुणी सांगत नाही. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाले होते. १९४६ मध्ये पोलिओ झाला, हात-पाय अधू झाले, शस्त्रक्रियेची वाट बंद झाली. मग ते शिकवायला लागले आणि १९५६ मध्ये हे पुस्तक आलं. त्यांची दहाच्या दहा मुलं डॉक्टर झाली. ते जड पुस्तक अशा माणसानं लिहिलंय, हे ठाऊक असलं की उघडताना जरा आपुलकी वाटते.

नर्व्ह-मसलचा धडा सगळ्यांनाच छळतो. तिथं एकच गोष्ट घट्ट धर. पेशीच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर ४. ते बाहेर पाझरायला बघतं आणि जाताना आत ऋण भार सोडून जातं. नर्न्स्टचं समीकरण काढलंस तर उणे ९४ मिलिव्होल्ट येतं. आता विचार, बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ७ झालं तर? गुणोत्तर घटतं, ऋण भार कमी होतो, हृदयाची लय बिघडते. डायलिसिस चुकलेल्या रुग्णाचा ईसीजी काढायला डॉक्टर का पळतात, ते तुला पहिल्याच वर्षी कळलं की नाही?

पेपरात आकृती आणि आलेख काढल्याशिवाय उत्तर संपवू नकोस. आलेखाच्या दोन्ही रेघांना नावं आणि एककं लिही, नॉर्मल आकडे लिही. कार्डियाक सायकलचा आलेख आठवड्यातून एकदा न बघता काढ, ०.८ सेकंदांची ती गोष्ट आहे, ०.३ आकुंचन आणि ०.५ शिथिलन. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, ती घसरू देऊ नकोस, नंतर कुणी ऐकत नाही. आणि रात्र-रात्र जागू नकोस. दिवसा वाचलेलं झोपेत मेंदूत मुरतं, हेही तुझ्याच अभ्यासक्रमात आहे.

हे वाचणारी तू एमबीबीएसची नसशील, बीपीएमटी करत असशील, नर्सिंगला असशील, फिजिओथेरपीला असशील, तरी यातलं काही बदलत नाही. मूत्रपिंड सगळ्यांचं १८० लिटरच गाळतं. डायलिसिसच्या यंत्राशेजारी उभी राहणारी टेक्निशियन तू असशील तर पोटॅशियमचा हिशेब तुला डॉक्टरइतकाच पक्का हवा. ‘आपल्याला एवढं खोल काय करायचंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि एखादा पेपर राहिलाच, तर पुरवणी परीक्षा असते. आयुष्य थांबत नाही. तुझ्या बॅचला मेंटॉर शिक्षक नेमून दिलेले असतात, त्यांच्याकडं रिकाम्या हातानं जा, रडू आलं तरी जा. मन फारच खचलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन करण्यात काही कमीपणा नाही.

रविवारी घरी जाशील तेव्हा दोन कामं कर. आईला पाच मिनिटं शांत बसवून तिचं बीपी मोज आणि तारीख घालून वहीत लिहून ठेव. आणि तिचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते विचार. तिला आठवत नसेल, तर सोमवारी येताना तिला सिव्हिलला बरोबर घेऊनच ये.